जुना झालाय, बदलून टाका!

जगात सल्ले दोनच आहेत. एक, 'चालवून घ्या' आणि दुसरा, 'बदलून टाका'. पहिला सल्ला देणाऱ्या पिढीने मला वाढवले आणि दुसरा सल्ला देणाऱ्या पिढीला मी वाढवले. त्यामुळे घरातली एखादी वस्तू कुरकुरू लागली की मी आधी तिच्याकडे पाहतो आणि मग घरातल्या मंडळींकडे. कारण वस्तूचा निकाल तिच्यात काय बिघडले आहे यावर लागत नाही. त्या दिवशी घरात कोणत्या पिढीचे बहुमत आहे, यावर लागतो.

सध्या असा खटला आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर झाला. आरोप एकच : सुरू व्हायला फार वेळ लावतो. बटण दाबले की तो आधी घोंगावतो, मग खाकरतो आणि मग पडद्यावर एक चक्र फिरवीत बसतो. तेवढ्या वेळात चहाचे आधण ठेवून, चहा गाळून, कप घेऊन परत येता येते. मला यात वावगे काही दिसत नव्हते. कचेरीत पाऊल टाकल्या टाकल्या कामाला लागणाऱ्या कारकुनाकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे परंपराच आहे. पण मुलगा म्हणाला, "बाबा, दहा वर्षांचा झालाय तो. कॉम्प्युटरचं दहा म्हणजे माणसाचं शंभर." ही म्हणाली, "त्या जागेवर शिवणाचं मशीन छान बसेल." शेजाऱ्यांनी तर "कितीला पडला होता हो तुम्हाला?" असे विचारून त्याला थेट भूतकाळातच जमा केले.

आता प्रश्न नुसता पैशांचा असता, तर महिनाअखेरीने तो आपोआप सोडवला असता. पण मला वेगळेच कोडे पडले. 'जुना झाला' हे वाक्य आपण कारण म्हणून वापरतो. ते कारण आहे का? चोरी का झाली, तर रात्र होती म्हणून, असे कोणी फौजदार लिहीत नाही. रात्र होती हे खरेच, पण चोर कोण?

म्हणून आधी चोर शोधावा असे ठरले. कॉम्प्युटरचे पोट म्हणजे एक सरकारी कचेरी आहे. प्रोसेसर हा साहेब. रॅम म्हणजे साहेबांचे टेबल. जेवढे टेबल मोठे तेवढ्या फायली एका वेळी उघडून ठेवता येतात. आणि हार्ड डिस्क म्हणजे तळघरातली रेकॉर्ड रूम. सकाळी कचेरी उघडली की हजारो बारीकसारीक कागद रेकॉर्ड रूममधून टेबलावर आणावे लागतात. यातला साहेब भलताच चलाख असतो. दहा वर्षांपूर्वीचा साधा प्रोसेसरही सेकंदाला तीन अब्ज ठोक्यांच्या तालावर चालतो. पण जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क ही खरोखरची फिरणारी तबकडी आहे. मिनिटाला ७,२०० फेरे. ग्रामोफोनसारखा एक दांडा तिच्यावर पुढे-मागे सरकतो आणि हवा तो कागद शोधतो. दांडा जागेवर जाणार, तबकडी फिरून हवा तो भाग त्याच्याखाली येणार, यात एका कागदामागे दहा-बारा मिलिसेकंद जातात. आपल्या दृष्टीने हे काहीच नाही. पण तेवढ्यात साहेबांचे तीन कोटी ठोके फुकट जातात! म्हणजे साहेब हात बांधून बसलेला, शिपाई जिन्यात, आणि बाहेर खिडकीपाशी आपण ओरडतोय : साहेब म्हातारा झाला, साहेब बदला!

त्यातून सकाळी कचेरी उघडायच्या आधीच दारात पाहुणे उभे. कधी काळी एखादा प्रिंटर घेतला, त्याचा एक कार्यक्रम आत आला. प्रिंटर भंगारात गेला, कार्यक्रम राहिला. गाण्यांचा एक, फोटोंचा एक, 'आपली आवृत्ती ताजी आहे ना?' एवढेच विचारायला रोज येणारा एक. सगळ्यांनी आपले नाव सुरुवातीच्या यादीत घालून ठेवलेले. यजमानाने डोळे उघडले की हे आधी पाटावर. ती यादी उघडून नको त्यांची नावे खोडता येतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. पण घरी आलेल्याला 'या आता' म्हणणे आपल्याला लग्नघरात जमत नाही, ते कॉम्प्युटरात कुठून जमणार?

शिवाय ओझे वाढले ते वेगळेच. निकलाउस विर्थ नावाचे एक मोठे संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. 'पास्कल' ही भाषा त्यांची. त्यांनी १९९५ साली एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा असा की यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात, त्याहून अधिक गतीने त्यांच्यावर चालणारे कार्यक्रम सुस्त होत जातात. हा सिद्धांत समजायला मध्यमवर्गीय माणसाला संगणकशास्त्र लागत नाही. पगारवाढ आणि खर्च यांचे नाते आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचे यंत्र आज हळू झाले, हे अर्धेच सत्य. ते पूर्वीइतकेच चालते आहे. फक्त पूर्वी त्याच्या डोक्यावर गाठोडे होते, आता ट्रंक आहे.

हे सारे मी दुरुस्तीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, एवढा विचार नका करू. तबकडीची डिस्क काढतो, एसएसडी टाकतो." एसएसडीत तबकडी नाही, दांडा नाही, काहीच फिरत नाही, कागद शोधायला लागणारा वेळ साधारण शंभराव्या हिश्श्यावर येतो. त्याने पंखा झटकला. त्यातून निघालेल्या धुळीत कोथिंबीर लावता आली असती. मग मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल बदलला. हा सेल संपला की यंत्र तारीख विसरते. मग त्याला वाटते आपण दहा-पंधरा वर्षे मागे आहोत. आणि बँकेचे पान उघडायला जावे तर ते पान उघडत नाही, कारण ज्या प्रमाणपत्रावर ते चालते ते यंत्राच्या मते अजून जारीच झालेले नसते. एवढ्याशा सेलपायी चांगली यंत्रे वेडी ठरतात. दोन तासांत सगळे झाले. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात तो हात जोडून उभा असतो. मुलाने घड्याळ लावून पाहिले आणि म्हणाला, "फास्ट झालाय. पण तरी जुनाच आहे."

बदलणे शक्यच नसले की माणूस दुरुस्तीत किती हुशार होतो, याचे उदाहरण आकाशात आहे. 'व्हॉयेजर १' हे यान १९७७ साली सोडले. त्यावरच्या सगळ्या संगणकांची स्मृती एकत्र केली तरी सत्तर किलोबाइटांच्या आतच. आपण सकाळी 'सुप्रभात'चे गुलाबाचे फूल पाठवतो ते याहून जड असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते यान अचानक असंबद्ध बरळू लागले. अंतर चोवीस अब्ज किलोमीटर. इथून निरोप पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला आणखी तेवढेच. तिथे 'वय झालं आता' म्हणायला सगळ्यांनाच मुभा होती. पण त्या अभियंत्यांनी महिनोन् महिने बसून शोधून काढले की स्मृतीची एक चिप गेली आहे. मग तिच्यातला मजकूर तुकडे करून उरलेल्या जागेत बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शहाण्यासारखे बोलू लागले. त्यांनी वय पाहिले नाही, बिघाड पाहिला.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या पिढीतले लोक हा लेख कापून कपाटाला चिकटवतील. आपली एक जुनी खोड आहे : चिक्कूपणाला निष्ठा म्हणायचे. दांडी तुटलेली छत्री आपण जपतो ती प्रेमाने नव्हे. काही जुनेपण खरेच धोक्याचे असते. 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. 'विंडोज ११'ला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. पुष्कळ चालती यंत्रे त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करीत राहणे म्हणजे ज्या कुलपाच्या किल्ल्या गावभर झाल्या आहेत ते दाराला लावून 'आजोबांच्या वेळचं आहे' म्हणून मिरवणे. तिथे 'लिनक्स'सारखी फुकटची प्रणाली घालावी, नाहीतर यंत्राची इंटरनेटची तार काढून त्याला लेखनापुरता ठेवावा. आमचा आता तसाच आहे. आणि यातले काहीच जमत नसेल, किंवा मदरबोर्डच गेला असेल, तर खुशाल नवा घ्यावा. पुरावा झाल्यावर दिलेला निकाल हा न्यायच असतो.

तुम्ही म्हणाल, एवढे भाग बदलल्यावर तो जुना कॉम्प्युटर राहिला तरी कुठे? हा प्रश्नही आपलाच. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो : तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाके? आस? दांडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. रथ हे या सगळ्यांच्या एकत्र येण्याला दिलेले नाव. कॉम्प्युटरही तसाच. डिस्क म्हणजे तो नव्हे, पंखा म्हणजे तो नव्हे. पण मग ज्याचे 'वय झाले' असे आपण म्हणतो, तो आहे कुठे? वय असते ते एकेका भागाचे. म्हातारे मात्र आपण नावाला ठरवतो.

आणि टाकायचे म्हणजे टाकायचे तरी कुठे? 'बाहेर' नावाचे गाव नकाशात नाही. भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेलेले यंत्र कुठल्यातरी गल्लीत फुटते. तांब्यासाठी तारा जळतात, सोन्याच्या कणासाठी पट्ट्या आम्लात बुडतात आणि धूर घेणारी माणसे आपल्याला दिसत नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावे, हे शहाणपणाचे. यंत्राला दुःख होत नाही हे मला कळते. पण आपण घाईने दिलेल्या निकालाची शिक्षा कोणीतरी भोगतेच.

हे एवढे यंत्रापुरतेच असते, तरी चालले असते. पण 'जुना झाला' हा शब्द जिभेवर बसला की तो टेबलापाशी थांबत नाही. आमची एक मावशी आहे, ब्याऐंशी वर्षांची. तिच्या घरी सगळ्यांनी ठरवून टाकले होते की तिला आता समजायला वेळ लागतो. काही विचारले की ती नुसती पाहत राही, मग कधीतरी भलतेच उत्तर देई. "वय झालं," सून म्हणे. "वय झालं," मुलगा म्हणे. हळूहळू तिला विचारणेच बंद झाले. भाजी कोणती, पत्रिका कशी, घर विकायचे की नाही, सगळे तिच्या समोर आणि तिच्याशिवाय. शेवटी नातीने तिला कानाच्या डॉक्टरकडे नेले. डोके ठणठणीत होते. शब्दच आत पोचत नव्हते. कानात यंत्र बसले आणि मावशी प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊ लागली. घरातल्यांची पंचाईत झाली ती वेगळीच.

आठवडाभराने मी भेटायला गेलो. सगळे दिवाणखान्यात बसलो होतो. मावशी म्हणाली, "आता छान ऐकू येतं रे. पण एक सांगा, तुम्ही माझ्याशी बोलायचं बंद कधी केलंत?"

या प्रश्नाला कुणालाच पटकन उत्तर देता आले नाही. आणि तिथे बसलेले सगळे तिच्याहून वयाने लहान होते.