विटाळ आणि कंबरेची दोरी

उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून माणसे सुरतेत येत राहिली आणि नवागाम-डिंडोलीचा पट्टा बघता बघता अहिराणी बोलू लागला. धुळे, नंदुरबार, जळगावकडचे पुरुष लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये लागले. बायका घरबसल्या साड्यांना लेस लावू लागल्या, खडे-टिकल्या चिकटवू लागल्या. या माणसांबरोबर कानबाई देवी आली, आखाजीचा सण आला आणि पाळीचा विटाळही आला. आले नाही ते फक्त गावाकडचे घर. तिथे पडवी होती, ओटा होता, मागल्या दारी गोठा होता. ‘अडचण’ असलेल्या बाईला तिथे तीन दिवस काढता येत. इथल्या एका खोलीत बाजूला बसायला बाजूच नाही. स्वयंपाक तिलाच करावा लागतो, नळाला पाणी आले की तीच भरते, साड्यांचा गठ्ठा संध्याकाळी परत द्यायचा असतो. त्यामुळे विटाळ आक्रसून देवाच्या फळीपुरता उरला, पापड-लोणच्यापुरता उरला, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांपुरता उरला. बाईच्या हातची भाकरी घरादाराला चालते. रोट चालत नाहीत. नियम टिकला, पण त्याची जागा गेली. मग तो उभा कशावर आहे, असा प्रश्न पडतो. याची ठरीव उत्तरे दोन आहेत, स्वच्छता आणि विश्रांती. ती तपासायला एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू पुरेशी आहे: पाळीचे फडके जागेवर धरून ठेवणारी दोरी.

या दोरीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून थोडे तपशिलात जायला हवे. जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला पट्टा फाडायचा, त्याची लांबट घडी करायची, कंबरेला एक दोरी किंवा परकराची जुनी नाडी बांधायची, घडीचे एक टोक पुढून आणि एक मागून त्या दोरीवरून घेऊन आत खोचायचे. जिथे लुगड्याला काष्टा घालतात तिथे काष्ट्याचाच आधार मिळे. गोल साडी आली आणि तो आधार गेला. सगळा भार दोरीवर आणि गाठीवर आला. गाठ सैल बांधली तर घडी घसरते, घट्ट बांधली तर कंबरेला वळ उठतो. दिवसभर वाकणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या बाईला दोन्ही त्रास. पुढे सेफ्टी पिन आली. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी तिचे पेटंट 1849 मध्ये घेतले होते, पण तिचा हा उपयोग त्यांच्या ध्यानीमनीही नसावा. मग पॅड आले, तेही सुरुवातीला लवचीक पट्ट्याला पुढेमागे अडकवायचे. मेरी केनर या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने कमीजास्त करता येणाऱ्या पट्ट्याचे पेटंट 1956 मध्ये मिळवले. तिच्या कल्पनेत रस घेणारी कंपनी तिचा वर्ण कळताच मागे सरली. 1970 च्या सुमारास पॅडच्या पाठीला गोंदाची पट्टी आली आणि पट्ट्यांची गरज संपली. पण गोंदाला चिकटायला आत चड्डी लागते, आणि ती घालण्याची सवय आणि ऐपत असलेल्या बाईपुरतीच ही क्रांती होती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही 15 ते 24 वयाच्या निम्म्या मुलींनी आपण कापड वापरतो असे सांगितले. पॅडही वापरणाऱ्या अनेकजणी त्यांत आहेत. ‘गूंज’ संस्थेचे अंशू गुप्ता एका बाईची हकिकत सांगत आले आहेत: तिने जुन्या ब्लाउजचे कापड घेतले, त्यातला गंजलेला हुक तसाच राहिला आणि तिला धनुर्वात होऊन ती गेली. फडके कोणते घ्यायचे आणि ते कसे धरून ठेवायचे हा प्रश्न तेव्हा जीवनमरणाचा होता, आणि काही ठिकाणी अजून आहे.

आता धर्मग्रंथांकडे वळू. रजस्वलेच्या नियमांचा एक अतिशय जुना आधार तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात आहे. इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला, विश्वरूपाला मारले. ब्रह्महत्येचे पाप पृथ्वी, झाडे आणि स्त्रिया यांनी एकेक तृतीयांश वाटून घेतले, आणि स्त्रियांच्या वाट्याचे पाप दर महिन्याला दिसते. त्यापुढे तीन रात्रींच्या व्रताची यादी येते: तेल लावू नये, केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, दात घासू नयेत, नखे कापू नयेत, सूत कातू नये, दोर वळू नये. प्रत्येक नियमामागे धाक आहे, आणि तो धाक जन्माला येणाऱ्या संततीचा. सूत कातणारीचा मुलगा नपुंसक होईल, दोर वळणारीचा गळफास घेईल. ज्या तीन दिवसांत बाईला कंबरेच्या दोरीची गरज सर्वांत जास्त, नेमका त्या तीन दिवसांत दोर वळण्याला हा शाप. यात मुद्दाम क्रूरपणा आहे असे मी म्हणत नाही. दोर आणि गळफास यांचा संबंध त्या काळच्या सादृश्यविचारात सहज जुळला असेल. पण यादी करणाऱ्याने काय पाहिले ते कळते. त्याच्या डोळ्यांपुढे यज्ञ आहे, पती आहे, होणारा मुलगा आहे. चालताना काय घसरते आणि ते कशाने सावरायचे, हे त्या नजरेच्या कक्षेतच नाही.

याच देशात, याच प्रश्नावर दुसरी एक नजर होती. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गाच्या दहाव्या प्रकरणात भिक्षुणींच्या पाळीचा विषय निघतो. आसनांना रक्त लागते, म्हणून बुद्ध त्यांना पाळीसाठी वेगळे वस्त्र वापरायची अनुज्ञा देतात. त्या वस्त्रालाही डाग पडतात, म्हणून आतल्या फडक्याची अनुज्ञा. फडके गळून पडते, म्हणून ते दोऱ्याने मांडीला बांधायची अनुज्ञा. दोरा तुटतो, तेव्हा शेवटी लंगोटवजा कापड आणि कटिसूत्र, म्हणजे कंबरेची दोरी. अडचण येते, सांगितली जाते, तोडगा निघतो. तोडगा अपुरा पडला की पुन्हा सांगितले जाते. पापाचा, शापाचा कुठे शब्द नाही. भिक्षुणींच्या पाचित्तीय नियमांत आणखी एक गोष्ट आहे. पाळीचे ते वस्त्र संघाच्या सामाईक मालकीचे होते. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी ते सोडीचना, दुसऱ्या जणींना मिळेना, तेव्हा नियम झाला की तीन रात्री वापरून चौथ्या दिवशी ते धुऊन दुसरीला द्यावे. तीन रात्रींचा हिशेब दोन्हीकडे आहे. एकीकडे तो संपला की बाई पतीकडे जायला मोकळी होते, दुसरीकडे वस्त्र पुढच्या भिक्षुणीसाठी मोकळे होते.

विनयपिटकाला डोक्यावर घेऊन नाचावे असे मात्र नाही. ज्या बाईला कायम रक्तस्राव होतो, जिला सतत फडके लागते, तिला संघात उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, नाकारलेली आहे. कटिसूत्रही पाळीपुरतेच, काही भिक्षुणी ते रोज बांधू लागल्या तेव्हा लोक म्हणाले की या तर चैनीतल्या गृहिणींसारख्या वागतात, आणि रोजच्या वापरावर बंदी आली. भिक्षुणी भिक्षूंच्या खालीच राहिल्या. खानदेशातून सुरतेत आलेल्यांत बौद्ध कुटुंबेही आहेत, आणि 1956 च्या धर्मांतराने सगळ्या घरांतला विटाळ पुसला असाही दावा करता येणार नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. धर्मविचार बाईच्या अडचणीपासून सुरू झाला, तर तो दोरीपर्यंत पोचतो; इतरांना होणाऱ्या बाधेपासून सुरू झाला, तर दोरी त्याला दिसतच नाही. म्हणून विटाळाच्या नियमांची स्वच्छतेची आणि विश्रांतीची कारणे नंतर चिकटवलेली आहेत, असे मला वाटते.

स्वच्छतेचे कारण त्यांतले जास्त बळकट, म्हणून आधी तेच घेऊ. पूर्वी साधने नव्हती, डाग पडत, वास येई, म्हणून बाईला दूर ठेवले, असे म्हणतात. पण साधन अशक्य नव्हते. बुद्धाच्या संघाला ते सुचले आणि त्याला फडके व दोरी यांपलीकडे काही लागले नाही. शिवाय साधनाअभावी केलेला नियम साधन आल्यावर गळून पडायला हवा. तसे झाले नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये गुजरातेतच, भुजच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात, पाळीचे नियम मोडल्याच्या संशयावरून 60 हून अधिक मुलींना कपडे उतरवून तपासले गेले. त्या मुली पॅडच्या जमान्यातल्या होत्या. कुठे गळत होते, कुठे डाग पडला होता, अशी ती तक्रार नव्हती. स्वयंपाकघराजवळ आणि देवळाजवळ कोण गेले, हे शोधायचे होते.

विश्रांतीचे म्हणणे ऐकायला गोड आहे. ‘तेवढेच तीन दिवस बाईला आराम’ असे सांगणाऱ्यांत बायकाही असतात आणि त्यांच्या अनुभवात काही खरे असतेच. चुलीपासून सुटका ही लहान गोष्ट नव्हे. पण गावाकडे बाहेर बसलेली बाई शेतात जात असे, शेण काढत असे, गोधड्या धूत असे. बंदी श्रमाला नव्हती, स्पर्शाला होती. आणि विश्रांती हाच हेतू असता, तर ती नको म्हणणारीला पाप का लागावे? ऋषिपंचमीच्या कहाणीत पाळीत भांड्यांना शिवलेल्या बाईला पुढच्या जन्मी त्याचे फळ भोगावे लागते. न घेतलेल्या रजेबद्दल इतकी शिक्षा कुणी करत नाही.

तिसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे आणि हल्ली सुशिक्षितांत लोकप्रियही. विटाळ म्हणजे हीनपणा नव्हे, ती शक्तीची जाणीव आहे. पाहा, कामाख्येला अंबुबाचीत देवी रजस्वला मानून तीन दिवस देऊळ बंद ठेवतात आणि नंतर लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून वाटतात. हे खरे आहे आणि सुंदरही आहे. पण देवीचे वस्त्र भक्त दंडाला बांधतो, आणि त्याच भक्ताच्या घरात सुनेची घडी ओल्या टॉवेलखाली, उन्हाआड वाळते. उन्हात वाळले असते तर ते फडके निर्धोक झाले असते. देवीच्या रक्ताचा सन्मान बाईपर्यंत झिरपत असता, तर त्याची पहिली खूण वाळत घालायच्या दोरीवर दिसली असती. आपल्याकडे या प्रश्नाला सरळ भिडण्याची परंपरा आहेच. तेराव्या शतकात चक्रधरांनी पाळीची तुलना नाकाच्या शेंबडाशी आणि कानाच्या मळाशी केली, आणि हा शरीराचा आणखी एक स्राव आहे, त्याचा विटाळ धरू नये असे सांगितले. चौदाव्या शतकात सोयराबाईने विचारले की देह विटाळातूनच घडतो, तर मग सोवळा कोण? दोघांनीही पाळीला शक्ती म्हटले नाही आणि पापही म्हटले नाही.

उरतो तो नवागामातल्या कानबाईच्या रोटांचा प्रश्न, आणि त्यावर बायकांनी स्वतःच काढलेला तोडगा. सण आला, पाळीची तारीख जवळ आली, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणायच्या. ही चाल एकट्या नवागामची नाही. महाराष्ट्रात गौरी-गणपतीला हेच चालते, बहुधा डॉक्टरला न विचारता. या गोळीला कोणत्याही सोवळ्याने हरकत घेतल्याचे दिसत नाही. हार्मोनने पाळी थांबवलेली बाई रोट भाजू शकते, पॅड लावलेली बाई नाही. यावर कुणी म्हणेल की गोळीने स्राव होतच नाही, पॅडमध्ये तो झालेला असतो. पण सोवळ्याचा इतर स्रावांशी व्यवहार असा नाही. पूजा चालू असताना भटजींना शिंक आली तर ते आचमन करतात आणि पुढचा मंत्र म्हणतात. सर्दी उतरेपर्यंत त्यांना देवघराबाहेर कुणी ठेवत नाही. झालेला स्राव पुसला, हात धुतला, की शास्त्राला तेवढे पुरते. पाळीलाच ते पुरत नाही असे ज्याला म्हणायचे आहे, त्याला कारण स्रावात सापडणार नाही. ते इंद्राच्या पापात शोधावे लागेल, आणि आपल्या सुनेने ब्रह्महत्येचा तिसरा हिस्सा उचलला आहे असे मानायला नवागामातले एखादे घर तरी तयार असेल का, याची मला शंका आहे. हे घरात कुणी विचारत नाही तोवर दर श्रावणात बायका गोळ्या घेत राहतील, मळमळ आणि पुढच्या महिन्याचा जादा स्राव सोसतील.