कुणाला शिंकही आली नव्हती

१९९०च्या दशकातली ही गोष्ट, अमेरिकेतल्या साबण-उद्योगातली. माणसांचं बोलणं मी रचलं आहे. चाचणी मात्र खरोखर झाली आणि १९९८ साली तिचा निकाल छापूनही आला.

कपड्यांच्या पावडरीत प्रोटिएझ नावाचं एन्झाइम असतं. रक्त, घाम, दूध यांच्या डागांतली प्रथिनं ते तोडतं. तेच अंगाच्या साबणात घालून पाहायचं ठरलं. स्वयंसेवकांनी सहा महिने त्या वड्या वापरल्या. आजारी कुणी पडलं नाही. पण रक्त तपासलं तेव्हा काही जणांच्या शरीरात त्या एन्झाइमविरुद्ध आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं तयार झालेली दिसली.

विक्रीचे साहेब म्हणाले, "एकाचीही तक्रार नाही, मग अडलंय कुठे? पावडरीत हेच तर घालतो आपण."

सुरक्षा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "पावडरीचंच उदाहरण घ्या. साठच्या दशकात इंग्लंडच्या कारखान्यात एन्झाइमची भुकटी हवेत मिसळायची. कामगारांना खोकला, धाप लागू लागली. डॉक्टर फ्लिंड्ट यांनी त्यांना तपासलं आणि १९६९ साली 'लॅन्सेट'मध्ये कारण मांडलं. त्यानंतर आपण एन्झाइमच्या कणांवर वेष्टण चढवलं, कारखान्यातली हवा मोजू लागलो. एक घनमीटर हवेत ६० नॅनोग्रॅम, ही मर्यादा. एका ग्रॅमचे दीड कोटीहून जास्त भाग केले तर त्यातला एक! माणसं आजारी पडल्यावर आपल्याला हे सुचलं."

"पण वडीची भुकटी कुठे उडते?"

"शॉवरखाली फेस तोंडाजवळ असतो. तुषारांबरोबर एन्झाइम श्वासात जातं, तेही रोज. शरीरानं त्याला शत्रू म्हणून नोंदवलंय. त्रास आज नाही, पण तो कुणाला आणि कधी होईल, हे मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकाल?"

साहेब गप्प राहिले.

मला बाईंचं म्हणणं मनापासून पटतं. अ‍ॅलर्जीत शरीर आधी मुकाट्यानं तयारी करतं, लक्षणं नंतर येतात, आणि प्रत्येकाला येतातच असंही नाही. अशा वेळी तक्रारींची वही कोरी आहे म्हणून निश्चिंत होणं म्हणजे ग्राहकाच्या फुफ्फुसांवर प्रयोग करणं.

ती वडी दुकानात आली नाही.

पण म्हणून एन्झाइमलाच दोषी ठरवणं चूक. फिलिपिन्समध्ये, जिथे कपडे हातानं धुतात, अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्या लोकांचा दोन वर्षं अभ्यास झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पावडरीतल्या एन्झाइममुळे अशी प्रतिपिंडं तयार झाल्याचं आढळलं नाही. एन्झाइम तेच, पण ते नाकापर्यंत किती पोचतं आणि कोणत्या वाटेनं, यावर सगळं ठरतं.

तेव्हा घरातल्या पावडरीला घाबरू नका. ती बादलीत वरून न झटकता पाण्यालगत धरून सोडा, एवढं पुरे. काळजी घ्यायची ती कारखान्यात पोती रिकामी करणाऱ्यांची आणि सुटी पावडर पुड्यांत भरणाऱ्यांची. तुमच्या घरात असं काम करणारं कुणी असेल आणि त्याला खोकला किंवा धाप लागत असेल, मग तो त्रास कामावर न होता रात्री घरी का होत असेना, तर डॉक्टरांना औषधाआधी कामाबद्दल सांगा.