घावापूर्वीची खूण

मनुष्य दुष्टपणे वागतो तेव्हा तो स्वतंत्र असतो की बद्ध, हा प्रश्न आम्हांस प्रथम भेटला तो गुरुविद्यालयातील नीतिशास्त्राच्या वर्गात. त्याचे उत्तर आम्ही परीक्षेत सहज लिहून टाकले आणि बरे गुणही मिळवले. पुढे तीस वर्षांनी, २०२४ च्या प्रायश्चित्तकाळात, पनवेलमधील एका दोन खोल्यांच्या घरात तोच प्रश्न पुन्हा समोर आला, तोही व्हिडिओ गेमच्या पडद्यावर. या वेळी मात्र उत्तर सहज सुचले नाही. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे त्याच्या अनुमतीनेच आम्ही ती लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि यातील एक अक्षरही पापनिवेदनात ऐकलेले नाही.

घरभेटीसाठी आम्ही गेलो तेव्हा तेरा वर्षांचा एक मुलगा दूरचित्रवाणीसमोर बसला होता. खेळाचे यंत्र मामेभावाकडून चार दिवसांसाठी आणलेले होते. पडद्यावर रात्रीचे दफनस्थान होते. दाट धुके, दाटीने उभ्या कबरी, आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेला, हाती कुऱ्हाड घेतलेला एक उंच पुरुष.

"हा कोण रे?" आम्ही विचारले.

मुलगा चाचरला. "फादर, हा... फादर आहे."

त्याची आई ओशाळली. दोनच रविवार आधी आम्ही प्रवचनात असल्या खेळांवर कडक शब्दांत टीका केली होती. मुलांच्या मनात हिंसा शिरते ती याच दारातून, असे आम्ही म्हटले होते. आता सदर हिंसक गृहस्थ आमच्याच पदवीचे निघाले! या खेळाचे नाव 'ब्लडबॉर्न'. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तयार केलेला हा खेळ २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील हा फादर गॅस्कॉइन परदेशातून आलेला धर्मगुरू आहे. श्वापदांची शिकार करता करता तो स्वतःच श्वापद होऊ लागलेला आहे.

ज्या वाचकांस हे खेळ परिचित नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पडकी मंदिरे, गढ्या आणि दफनभूमी यांत घडणाऱ्या या गॉथिक खेळांची परंपरा बरीच जुनी आहे. कोनामी या जपानी कंपनीच्या १९८६ सालच्या 'कॅसलव्हेनिया'त सायमन बेलमाँट नावाचा वीर चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या गढीत शिरतो. क्रूस आणि पवित्र पाणी हीही त्याची शस्त्रे. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस एक मोठा राक्षस वाट अडवून उभा असतो: कधी प्रचंड वटवाघूळ, कधी मेड्युसा, कधी साक्षात मृत्यू. मुले त्याला 'बॉस' म्हणतात. २०१९ साली स्पेनमधील सेव्हिल शहराच्या मंडळींनी 'ब्लास्फेमस' हा खेळ काढला. त्यात पवित्र आठवड्यातील तेथील मिरवणुकांची उंच टोकदार शिरस्त्राणे आहेत. नायक प्रायश्चित्त करणारा आहे आणि त्याच्या तलवारीचे नाव 'मेआ कुल्पा', म्हणजे 'माझा अपराध'. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या 'राजी'त एक मुलगी आपल्या धाकट्या भावासाठी महाबलासुराशी लढते. तो खेळ गॉथिक नव्हे. पण राक्षसाची रीत तीच.

ती रीत कोणती, हे त्या मुलाने आम्हांस समजावले. "फादर, याला घाबरायचं नसतं, बघायचं असतं. प्रत्येक घावाच्या आधी तो काहीतरी करतो." हात मागे जातो, पाऊल आखडते, श्वास ओढला जातो, ती खूण. खूण दिसली की नेमक्या क्षणी बाजूस व्हावे. घाव वाया गेला की राक्षस क्षणभर उघडा पडतो. तेवढ्यात एक-दोन वार करून मागे सरावे. तिसऱ्या वाराचा लोभ धरला की मरण ठरलेले. त्यातही 'ब्लडबॉर्न'ची एक मेख आहे. घाव लागल्यावर ताबडतोब उलट वार केला तर गेलेल्या प्राणाचा काही अंश परत मिळतो. म्हणजे सूड घेण्याची घाई हेच तेथे आमिष. याच कंपनीच्या २०२२ सालच्या 'एल्डन रिंग'मध्ये मार्गिट नावाचा राक्षस उगारलेला हात हवेत रोखून धरतो, आणि सवयीने आधीच उडी मारणारा नेमका त्याखाली सापडतो. मुले या साऱ्याला 'पॅटर्न' म्हणतात. आपण आकृतिबंध म्हणू. हा मुलगा त्या फादरच्या हातून अठ्ठावीस वेळा मेला होता आणि प्रत्येक मरणाने त्याला एकेक खूण शिकवली होती.

आम्ही नकळत खुर्ची पुढे ओढली, कारण हे आम्हांस नवे नव्हते. शमुवेलाच्या पुस्तकात गल्याथ चाळीस दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, त्याच जागी येऊन तेच आव्हान देतो. एवढा आकृतिबंध साऱ्या सैन्यासमोर उघडा होता. पण सैन्य त्याची उंची आणि कवच पाहत राहिले. मेंढपाळाचे पोर आले, राजाचे चिलखत उतरवून ठेवले आणि उघडे कपाळ तेवढे पाहिले. संत इग्नेशियस लोयोला तर स्वतः सैनिक होते. १५२१ साली पाम्प्लोना येथे किल्ला लढवताना तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात ते सैतानाला सेनापतीची उपमा देतात: तो गडाला फेरी घालतो, तटबंदी कुठे ढासळली आहे ते हेरतो आणि तेथूनच चढाई करतो. कर्नाळ्याचा सुळका रोज पाहणाऱ्या आम्हां पनवेलकरांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. त्याच ठिकाणी त्यांनी आणखी एक मर्म सांगितले आहे. शत्रूला गुप्तता हवी असते. त्याची गोष्ट जाणत्या माणसाच्या कानी गेली की त्याचे बळ सरते.

हे सारे आम्ही मोठ्या समाधानाने त्या मुलास सांगत होतो. आई चहा ठेवण्यास आत गेली. मुलाने पडदा थांबवला आणि हळू आवाजात म्हणाला, "पप्पांचं पण असंच आहे, फादर."

मग त्याने आकृतिबंध सांगितला. स्कूटर वळणावर एकदा बंद पडते. फाटकाची कडी दोनदा वाजते. चपला काढताना हात भिंतीला टेकतो. "आधी पाणी मागितलं तर अजून वेळ असतो. 'आज कोण आलं होतं' असं विचारलं, की मी बहिणीला घेऊन गच्चीवर जातो. मम्मीला नाही नेता येत."

आम्ही निरुत्तर झालो. दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसणारा, तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, आम्हांस नम्रतेने 'जय ख्रिस्त' म्हणणारा हा मनुष्य. मुलाच्या मनात हिंसा कोणत्या दाराने शिरते, हे आम्ही व्यासपीठावरून ठासून सांगितले होते. ते दार चुकीचे होते. त्याहून लज्जेची गोष्ट अशी की, दोन वर्षांपूर्वी त्या माउलीने आम्हांजवळ सूचकपणे काही म्हटले होते आणि आम्ही उत्तर दिले होते, "प्रार्थना करा, सहन करा, देव पाहतो आहे." आम्ही असेच उत्तर देतो. आमचाही एक आकृतिबंध आहे. तो आम्ही कधी पाहिला नव्हता, इतकेच.

मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली. त्या खेळात एका खिडकीआड एक लहान मुलगी असते. ती गॅस्कॉइनचीच लेक. ती खेळणाऱ्याच्या हाती एक छोटी संगीतपेटी देते. वडील आम्हांला विसरलेच, तर ही वाजवा. त्यांना आठवेल, असे सांगते. ऐन लढाईत ती पेटी वाजवली की कुऱ्हाड थांबते, आणि तो दोन्ही हातांनी डोके धरून कळवळतो.

"मग?" आम्ही विचारले.

"मग तेवढ्यात मारायचं. दुसरं काही करताच येत नाही." थोडे थांबून त्याने विचारले, "फादर, दुसरं काही का नाही ठेवलं?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही. पुढे जे सुचले ते येथे मांडतो. राक्षस म्हणजे अक्राळविक्राळ रूप नव्हे. ज्याचे प्रत्येक कृत्य आधीपासून ठरलेले आहे, ज्याला अन्यथा वागताच येत नाही, तो राक्षस. म्हणूनच त्याचा पॅटर्न पूर्णपणे पाठ करता येतो, आणि म्हणूनच त्याला मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आठवणीने तो थबकतो, पण बदलत नाही. मनुष्य पापात रुततो तेव्हा तोही असाच होत जातो. संत ऑगस्टीन यांनी स्वतःच्या अनुभवाने ही साखळी मांडली आहे: वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय, आणि न रोखलेल्या सवयीतून अगतिकता. पाप मनुष्याला स्वैर करते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते त्याला ठरीव करते. तेरा वर्षांच्या पोराला कडीच्या आवाजावरून बापाचा पुढचा तास सांगता यावा, ही त्या बापाची केवढी गुलामी!

परंतु संत थॉमस अक्वायनस सवयीला इच्छेच्या कक्षेबाहेर जाऊ देत नाहीत. सवय कृत्य सोपे करते, अटळ करीत नाही. येथेच आम्हांस पडद्यावरील फादर आणि या मुलाचे पप्पा यांतील भेद सापडला. राक्षसाची खूण इतरांना दिसते, त्याला स्वतःला कधीच दिसत नाही. मनुष्याला ती दिसू शकते. उशिरा, अर्धवट, दुसऱ्याने दाखवल्यावर का होईना, पण दिसू शकते. इग्नेशियसनी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करण्यास सांगितले, ते पापांची यादी करण्यासाठी नव्हे तर ही खूण आतून ओळखता यावी यासाठी, असे आता आम्ही समजतो.

यातून दोन कर्तव्ये निघतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. जोवर कुऱ्हाड उगारलेली आहे तोवर खाली उभ्या असलेल्यांना बाजूस काढणे हे पहिले. मारणारा मनुष्य आहे, राक्षस नव्हे, हे सत्य मार खाणाऱ्याने अंगावर झेलून सिद्ध करायचे नसते. या बाबतीत आमच्यासारख्यांनी क्षमेचे नाव घेऊन अनेक घरांत घोर चूक केली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला संरक्षणाचा आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तो सांगणे हेही आमच्या सेवेचाच भाग मानले पाहिजे. दुसरे कर्तव्य त्यानंतरचे: मारणाऱ्याला त्याची खूण दाखवणे. १९८६ साली, म्हणजे 'कॅसलव्हेनिया' निघाला त्याच वर्षी, अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राच्या गळी उतरवण्यात अशा संस्थांचा मोठा वाटा आहे. हाती ग्लास येण्याच्या कितीतरी आधी खुणा सुरू होतात. त्या रुग्णाने स्वतः ओळखायच्या असतात.

त्याच आठवड्यात आई आणि दोन्ही मुले मामाकडे गेली. आम्ही त्या गृहस्थास भेटलो. तो रडला, शपथ घेण्यासाठी क्रूसाकडे हात नेला. पूर्वी असे झाले की आम्ही द्रवून जात असू. या वेळी आम्ही त्याचा हात खाली केला आणि मुलाने सांगितलेला क्रम त्याला ऐकवला: वळण, कडी, भिंत, पाणी, प्रश्न. "हे कोणी सांगितलं?" हे त्याने विचारले नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भिंतीचं मला माहीत नव्हतं." व्यसनमुक्ती केंद्रात तो गेला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी. तेथून आल्यावर एकदा घसरला, पुन्हा गेला. कुटुंब एकत्र आले ते वर्ष उलटून गेल्यावर, आणि तेही आईने स्वतः ठरवल्यावर. पुढे काय होईल, याची ग्वाही आम्ही देऊ शकत नाही. ग्वाही देता येत नाही, यातच त्याच्या माणूसपणाची आशा आहे, असे मात्र वाटते.

मुलाने सांगितलेला एक प्रसंग नोंदवून थांबतो. घर पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला. स्कूटर वळणावर बंद पडली नाही, तरी त्याने सवयीने बहिणीचा हात धरला. फाटकाची कडी एकदाच वाजली. मग दाराबाहेर पावले थांबली, आणि बराच वेळ काहीच घडले नाही. शेवटी बाहेरून पप्पांनी विचारले, "मी आत येऊ का?"

"फादर," मुलगा आम्हांस म्हणाला, "हे पॅटर्नमध्ये नव्हतं."