परवानगी दिल्यानंतर

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला की शेजारीपाजारी मुबारकबाद देतात. तोच मुलगा विनावेतन सेवेसाठी परदेशी गेला, तर तेच लोक हळू आवाजात विचारतात, "तुम्ही जाऊ कसे दिले?" आपल्या समाजाला दुरावा नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांनी आखाती देशांतील पत्रांवर आणि ड्राफ्टवर दोन-दोन पिढ्या काढल्या. पण त्या दुराव्याला एक आधार होता. दर महिन्याला येणारा पैसा घराला सांगत असे की मुलाला आपली आठवण आहे. सेवेसाठी गेलेले अपत्य असे काहीच पाठवीत नाही. तेथे त्याची गरज परक्या माणसांना असते आणि घरात फक्त त्याची रिकामी जागा उरते. अशा वेळी आईबापांचे त्याच्याशी नाते कशावर टिकावे, हा प्रश्न वरवर कौटुंबिक दिसतो. मुळात तो दीनचा प्रश्न आहे.

समजा, वाचकहो, आपले घर गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध येथे आहे. नागपूरला परिचारकाचे शिक्षण घेतलेला आपला पंचवीस वर्षांचा मुलगा एके दिवशी सांगतो की बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत त्याला एक वर्ष काम करावयाचे आहे. 2017 च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तेथे आले. त्यांच्या आजारी मुलांना औषधपाणी करणारे हात हवे आहेत. आपण काय म्हणाल? आणि 'हो' म्हटलेत, तर त्यानंतरचे वर्ष कसे काढाल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आजकाल फार घाई होते. "मुले मोठी झाली, त्यांचे जीवन त्यांचे," असे म्हणून मोकळे होण्याची परवानगी आपल्या दीनने दिलेली नाही. अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशाला जोडूनच आईवडिलांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे (सूरह बनी इस्राईल, 17:23). एका तरुणाने जिहादला जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आईवडील हयात आहेत काय, असे विचारले आणि त्यांच्या सेवेतच झटण्यास सांगितले, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. दुसरा एक जण आईवडिलांना रडत सोडून आला होता. जसे रडविलेस तसेच परत जाऊन त्यांना हसव, असे प्रेषितांनी (स.) त्याला फर्माविले. मदीनेला पोहोचणे हे त्या काळी केवढे पुण्य होते! तरीही त्या माणसाला परत पाठविण्यात आले. जे कार्य फर्जे ऐन नाही, म्हणजे प्रत्येक व्यक्तीवर अनिवार्य नाही, त्यासाठी धोक्याच्या प्रवासास निघण्यापूर्वी आईवडिलांची संमती घ्यावी, असे फिक्हचे विद्वान म्हणतात, त्यामागे हाच आधार आहे. (जाणारी मुलगी असेल तर प्रवासाचे शरई नियमही पाहावे लागतील. त्याबाबत आपल्या आलिमांना विचारावे, नातेवाइकांच्या बैठकीत निकाल लावू नये.)

तेव्हा अधिकार आईबापांचा आहे, यात शंका नाही. परंतु अधिकार असणे वेगळे आणि तो शेवटच्या दाण्यापर्यंत वसूल करणे वेगळे. कर्ज देणाऱ्यालाही अल्लाहने सवलत देण्यास आणि त्याहून पुढे जाऊन माफ करण्यास प्रवृत्त केले आहे. ज्याच्याजवळ हक्क आहे त्यालाच तो सोडता येतो.

हजरत याकूब (अलै.) यांच्याकडे पाहा. एक पुत्र गमावलेल्या या पित्याकडे बाकीच्या पुत्रांनी धाकट्यालाही मिसरला नेण्याची परवानगी मागितली. दुष्काळाचे दिवस होते, धान्य हवे होते. याकूब (अलै.) यांनी परवानगी दिली, मात्र त्याला परत आणण्याची शपथ घेतली. त्या शपथेतच त्यांनी एक सूट ठेवली: तुम्ही सर्व बाजूंनी घेरले गेलात तर गोष्ट वेगळी. पुढे त्यांनी एक व्यवहाराचा सल्ला दिला की एकाच दरवाजातून शहरात जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. आणि लगेच म्हटले की अल्लाहच्या निर्णयापासून मी तुम्हाला वाचवू शकत नाही (सूरह यूसुफ, 12:66-67). परदेशी निघालेल्या अपत्याच्या बापाला जे काही करता येण्यासारखे आहे, ते सारे या दोन आयतींत आले आहे. वचन घ्यावे. अशक्य ते मागू नये. लस, विमा, पासपोर्टच्या प्रती, संस्थेचा तेथील क्रमांक यांची चौकशी करावी, कारण काळजी घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. त्यापुढचे अल्लाहवर सोडावे.

आता दुसरा प्रश्न. तो अधिक अवघड आहे, आणि त्यावर आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. परवानगी एकदा देऊन संपत नाही. विमानतळावर तोंडाने दिलेली परवानगी पुढे रोज रात्री फोनवर परत घेता येते. "तू गेल्यापासून घरात कोणी नीट जेवत नाही." "ईदला सगळ्यांची मुले आली होती." "लोकांची सेवा करतोस, चांगले आहे. इथे अब्बांना दवाखान्यात नेणारे कोणी नाही." यातील एकही वाक्य कदाचित खोटे नसेल. पण ही वाक्ये मुलाला हालचाल कळविण्यासाठी बोललेली नसतात, त्याला टोचण्यासाठी बोललेली असतात. मग मुलगा काय करतो? तो फोन कमी करतो. आईला वाटते, मुलगा बदलला.

याकूब (अलै.) यांनी दुःख दाबले नाही, हे येथे लक्षात घ्यावे. रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआन सांगतो. घरच्यांनी त्यांना टोकले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की आपल्या व्यथेची तक्रार ते केवळ अल्लाहजवळ करीत आहेत (12:86). सब्र म्हणजे अश्रू न ढाळणे नव्हे. आपल्या दुःखाचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकावयाचे, याचा विवेक म्हणजे सब्र. छावणीत दिवसभर तापाने फणफणलेल्या मुलांमध्ये उभा राहिलेला खांदा त्यासाठी योग्य नाही.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक होते, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. ती म्हणजे लपविणे. मुलाला काळजी नको म्हणून वडिलांची शस्त्रक्रिया त्याला कळू दिली जात नाही. मुलगाही स्वतःचा ताप सांगत नाही. दोन्हीकडून "सगळे ठीक आहे" एवढेच ऐकू येते आणि हळूहळू दोन्ही बाजूंना या वाक्याचा विश्वास वाटेनासा होतो. हा त्याग आहे असे आपण समजतो. पण विचार करा. आईवडिलांची सेवा हे मुलाचे कर्तव्य आहे आणि त्याबद्दल त्याला अल्लाहसमोर उत्तर द्यावयाचे आहे. बापाची अवस्था ज्याला ठाऊकच नाही, तो परत यावे की राहावे हे ठरविणार कसा? खरी बातमी लपवून आपण त्याच्यावरील ओझे हलके करीत नाही. त्याचे कर्तव्य बजावण्याची संधीच त्याच्याकडून काढून घेतो. बातमी सांगावी, जेवढी आहे तेवढीच सांगावी, डॉक्टर काय म्हणाले ते सांगावे, आणि "तू ये" किंवा "तू येऊ नकोस" यांपैकी आपल्या मनात जे खरोखर आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. आजारपणाचे वर्णन करून मुलाने काय ते ओळखावे, अशी अपेक्षा ठेवणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे.

आपल्या महाराष्ट्राने अशी एक गोष्ट जवळून पाहिली आहे. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी आधी घरच्यांची संमती घेतली होती. वडिलांनी उत्तेजन दिले; मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आई मात्र फार दुःखी झाली, असे त्यांच्या धाकट्या भगिनीने पुढे सांगितले आहे. म्हणजे एकाच घरात दोन्ही भावना होत्या, आणि दोन्ही प्रेमाच्याच होत्या. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. ते परतले नाहीत. 1941 मध्ये त्यांनी तेथील परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला, मुलाचे नाव 'यिन्हुआ' म्हणजे भारत आणि चीन असे ठेवले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तेथेच मरण पावले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'एक परतला नाही' हा अर्थ आहे.

आपल्या इतिहासातही असे एक पथक आहे. बाल्कन युद्धाच्या वेळी डिसेंबर 1912 मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानला गेले. त्यात अलीगढचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून सामील झाले होते. पथक पुढल्या वर्षी परतले. पेशावरचे अब्दुर्रहमान मात्र तेथेच राहिले आणि 1925 मध्ये इस्तंबूलमध्ये त्यांचा खून झाला. या दोन उदाहरणांचा अर्थ असा नाही की प्रत्येक मुलाने असेच करावे. वडिलांच्या निधनानंतर आईजवळ जाणे श्रेष्ठ की जखमींजवळ राहणे श्रेष्ठ, याचा निवाडा इतक्या वर्षांनी आपण बसल्या जागी करू नये. आपल्यासाठी महत्त्वाचे इतकेच की परवानगी देणाऱ्या आईबापांनी ही शक्यताही मनात धरलेली असावी. न परतण्याची शक्यता न पाहता दिलेली संमती म्हणजे खरे तर सुट्टीवर जाण्याची संमती होय.

मग जोडलेले राहावे ते कसे? बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची एक दीर्घ रिवायत आहे. हजरत इब्राहीम (अलै.) दूरच्या प्रदेशातून मक्केला मुलाला भेटावयास येतात. इस्माईल (अलै.) घरी नसतात. इब्राहीम (अलै.) सुनेला विचारतात, तुमचे कसे चालले आहे, काय खाता, काय पिता? मुलाची वाट पाहत ते थांबत नाहीत. निरोप ठेवून परत जातात. असे दोनदा घडते. तिसऱ्या वेळी मुलगा झमझमजवळ झाडाखाली बाण नीट करीत बसलेला सापडतो. पितापुत्र भेटतात. आणि मग पिता म्हणतो की अल्लाहने मला एक आदेश दिला आहे, तू मला मदत करशील काय? दोघे मिळून काबागृहाच्या भिंती उभारतात. मुलगा दगड देतो, बाप रचतो.

या रिवायतीत फोनवर बोलण्याचे सारे शिष्टाचार मला दिसतात. पिता मुलाच्या जगण्याविषयी विचारतो, आपल्याविषयी नव्हे. तो घरी नाही म्हणून रुसत नाही. आणि शेवटी दोघांना जोडते ते एक समाईक काम. नवेगाव बांधच्या आईला छावणीत जाता येणार नाही. पण मुलगा ज्या बालकांना औषध देतो त्यांची नावे तिला विचारता येतील. आज त्या लहान मुलीचा जुलाब थांबला का, असे तिने विचारले, तर त्या दिवशी मुलाला आई आपल्या शेजारी उभी आहे असे वाटेल. सदक्यातले चार पैसे तिकडे पाठविता येतील. एवढ्याने दोघांचे काम एक होते.

फोनवरून मुलगा या क्षणी कोठे आहे, हे नकाशावर पाहत राहण्याची सोय आता झाली आहे. तिच्याविषयी सावध राहावे. संकटासाठी दोघांच्या संमतीने ती ठेवली तर हरकत नाही. पण न सांगता लक्ष ठेवणे, मध्यरात्री निळा ठिपका हललेला पाहून जाब विचारणे, हे कुरआनने मना केलेल्या तजस्सुसच्या (49:12) फार जवळ जाते. मूसा (अलै.) यांच्या आईने पेटीमागोमाग बहिणीला पाठविले होते हे खरे, परंतु पेटीत तान्हे मूल होते.

नवेगाव बांधच्या तलावावर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून पाखरे उतरतात, हे तेथील लहान मुलेही जाणतात. तेथील पक्षी अभयारण्याला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. सलीम अलींनी आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतर करणाऱ्या हजारो पक्ष्यांच्या पायांत लहानशी कडी घातली होती. तिच्यावर क्रमांक असे आणि मुंबईला कळवावे अशी विनंती असे. त्या कडीने कोणत्याही पाखराची भरारी अडली नाही. ते कोठे पोहोचले, एवढेच ती विचारीत होती. आकाशात पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पाखरांना रहमानखेरीज कोणी सावरून धरीत नाही, असे सूरह मुल्कमध्ये (67:19) आले आहे. ती आयत वाचताना मला ही कडी आठवते.

तीन दुआ परत फिरविल्या जात नाहीत, असे एका हदीसमध्ये आले आहे: पीडिताची, प्रवाशाची आणि पित्याची. काही रिवायतींत पित्याने अपत्याच्या विरोधात केलेल्या दुआचा उल्लेख आहे, म्हणून रागाच्या भरात तोंडातून काय निघते याचे भान ठेवावे. छावणीत या तिन्ही दुआ एकत्र येतात. तेथील पीडित हात उचलतात, त्यांच्यात उभा असलेला प्रवासी हात उचलतो आणि त्याच्यासाठी दूर गावी बाप हात उचलतो. कॉक्स बाजार पूर्वेला आहे. तेथे सूर्य नवेगाव बांधपेक्षा सुमारे पाऊण तास आधी उगवतो. आपण फज्रला उठाल तेव्हा मुलाची नमाज होऊन गेली असेल, आणि बहुधा तो रांगेतल्या पहिल्या रुग्णाकडे वळला असेल. त्या वेळी त्याला फोन करू नये.