आणखी एक वर्ष
शास्त्रभाग : लूक १३:१-९



शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. मेलेल्यांचा दोष मोजू पाहणाऱ्यांची दृष्टी प्रभूने त्यांच्या स्वतःकडेच वळवली.

हा धडा समुद्रात उतरणाऱ्यांनाही लागू आहे. गोव्याचे ग्रँड आयलंड, मालवणजवळची तारकर्ली येथे हवेची टाकी पाठीला लावून पुष्कळ लोक पाण्याखाली जातात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील तरुणही असतील. सोबत्याला अपघात झाला की चटकन म्हटले जाते, "तो निष्काळजी होता." एवढे म्हटले की मन स्वस्थ होते. पण आपले काय?

हौशी पाणबुड्यांच्या १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचे आरंभीचे कारण समजले, त्यांपैकी ४१ टक्के मृत्यूंत ते एकच होते : टाकीतील हवा अपुरी पडली. हवा दाखवणारा काटा तर प्रत्येकाजवळ असतो!

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगू पाहते. म्हणून श्वास रोखून वर धावणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. हे आरंभीच शिकवले जाते. मग चुकते कोठे? एकदा सोबत्याची साधने तपासायची राहतात, काही होत नाही. एकदा राखून ठेवायची हवा वापरली जाते, तरीही काही होत नाही. मग निभावले त्यालाच आपण सुरक्षितता समजू लागतो. देवाच्या सहनशीलतेचा अर्थही आपण असाच लावतो.

याच अध्यायात पुढे निष्फळ अंजिराला आणखी एक वर्ष मिळते. झाड चांगले होते म्हणून नव्हे, तर त्याने फळ द्यावे म्हणून. सोबत्याच्या अपघातानंतर आपल्याला लाभलेले दिवस तसेच आहेत. पुन्हा उतरण्यापूर्वी स्वतःला विचारावे : मी काटा किती वेळा पाहतो? सोबत्यापासून किती दूर जातो? संकटाचा सराव शेवटचा केव्हा केला? प्रकृती बरी नसता "आज नको" म्हणण्याचे धैर्य मला आहे काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही मुलांना हे सांगावे : दुसऱ्याचे पडणे हा आपला न्यायनिवाडा करण्याचा प्रसंग नव्हे, ती आपल्याला मिळालेली सूचना आहे. जो जखमी झाला त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि मग आपली स्वतःची झडती घ्या. देव आपणांस तशी नम्रता देवो. आमेन.