चार प्रश्न विचारले, पुढे काय?

उतारवयात कोणाला कायमची संस्थेतली शुश्रूषा लागेल, याचा अंदाज बांधता येतो. 1963 साली अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस रोजचे व्यवहार स्वतः किती करू शकतो हे मोजायला सहा गोष्टी पुढे ठेवल्या: आंघोळ, कपडे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यातल्या तीनेक गोष्टींना दुसऱ्याचा हात लागू लागला आणि जोडीला स्मृती ढासळली, की नर्सिंग होमची वाट जवळ येते, असे तिकडच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला. तिथे अशाच तपासणीतून माणसाची पातळी ठरते आणि त्या पातळीनुसार मदतीचा हक्क मिळतो.

हे गणित जळगावच्या मेहरूणमध्ये लावले तर शरीराबद्दलचे उत्तर बरोबर येईल, संस्थेबद्दलचे चुकेल. आपल्याकडच्या कितीतरी वृद्धाश्रमांत प्रवेशाची अटच अशी असते, की माणूस स्वतःचे स्वतः करणारा हवा. अंथरुणाला खिळलेल्या आजीला तिथे जागा नाही. जिला सर्वांत जास्त गरज, तिलाच दार बंद. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातले कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा म्हणते, पण सरकारवर तशी सक्ती करत नाही.

मग इथे कोणाचे काय होणार, हे कशावर ठरते? मुलगा पुण्याला किंवा सुरतेला आहे का, सून घरी असते की कामावर जाते, संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, रात्री दोनदा उठवायला कोण आहे. गुडघ्यांइतकेच हे प्रश्न निर्णायक आहेत. बहुतेक घरांत हा सगळा भार एका बाईवर असतो, सुनेवर नाहीतर स्वतःच थकलेल्या बायकोवर. तिची कंबर गेली की त्या घरातली शुश्रूषा संपली.

यातली निदान शरीराबद्दलची माहिती गोळा करणारी व्यवस्था आपल्याकडे आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आशाताई तिशीपुढच्यांसाठी जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांना वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना, चालताना तोल जातो का? हालचाल अडवणारे अपंगत्व आहे का? खाणे, आंघोळ, कपडे, शौच यांना दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का? उत्तर 'हो' आले तर डॉक्टर असलेल्या जवळच्या दवाखान्यात पाठवायचे. खाटेवरून न उठणाऱ्या माणसाने तिथे जायचे कसे, आणि गोळ्या घेऊन परतल्यावर त्याला आंघोळ कोण घालणार? सांभाळणाऱ्या बाईविषयी तर तक्त्यात अक्षरही नाही.

2017-18 च्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या जवळजवळ दर चौथ्या माणसाला रोजच्या अशा एखाद्या तरी कामात अडचण असल्याचे दिसले. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत 5 लाखांचे संरक्षण आहे, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी हात देणाऱ्या माणसाचा खर्च त्यात बसत नाही. केरळने 2008 च्या पॅलिएटिव्ह केअर धोरणानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका घरोघर पाठवायला सुरुवात केली. तिथल्या ग्रामपंचायतींना जे जमले, ते आपल्या महापालिकेला अशक्य मानायचे कारण नाही.

अशा उत्तरांवरून कोणाला शुश्रूषा लागेल याचा अंदाज बांधून यादी करण्यात धोका आहेच. असा शिक्का बसलेल्या म्हाताऱ्याला वृद्धाश्रम आणखी नाकारतील. नातलग घर नावावर करून घ्यायची घाई करतील. म्हणून यादी आरोग्य खात्याबाहेर जाता कामा नये, आणि जिथे मदत पाठवायची तयारी नाही तिथे ती करूच नये. निव्वळ भाकीत सांगून माणसाला भीती घालणे हा अन्याय आहे.

जळगाव महापालिकेने मेहरूणपासून सुरुवात करावी. चार प्रश्नांना पाचवा जोडावा: रात्री तुमच्याजवळ कोण असते? ज्या घरांतून 'हो' आणि 'कोणी नाही' अशी उत्तरे येतील, तिथे आधी परिचारिका जावी, आणि जिथे एकटी सून सगळे करते तिथे तिला काही दिवस तरी विसावा मिळेल अशी बदली मदतनीस द्यावी.