घराची चतुःसीमा

जुन्या मोडी खरेदीखतात घराला नंबर नसतो. घर ओळखायचे ते चतुःसीमेवरून: पूर्वेस अमक्याचे राहते घर, दक्षिणेस येण्याजाण्याची वाट, पश्चिमेस तमक्याची पडवी, उत्तरेस देवळाचा पार. चारी बाजूंना गाव आणि मधोमध आपण. मूळ घराच्या शोधात निघणारे बहुतेकजण मात्र आडनावाचा माग काढतात. वंशावळ जुळवतात, खापरपणजोबापर्यंतची नावे ओळीने मांडतात, कुलदैवत शोधून काढतात. मग प्रत्यक्ष गावात पोचल्यावर कुठल्या जोत्यासमोर उभे राहायचे हे त्यांना कळत नाही.

वंशावळ माणसे सांगते, जागा सांगत नाही. जागा सांगणारे सरकारी कागदही घराच्या बाबतीत फार काळ मुकेच होते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, तिचा हेतू शेतसारा ठरवण्याचा होता. त्यामुळे मोजली गेली ती काळी, म्हणजे शेतजमीन. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, क्षेत्र मिळाले, जमिनीची प्रत ठरली. पांढरीतल्या, म्हणजे वस्तीतल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाण गावनकाशात एका वेढ्यापुरते उरले. आतली घरे, बोळ, परसू कुणी आखले नाहीत. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदी आल्या, फेरफार आले, यथावकाश सातबारा आला. पण सातबाऱ्यावर शेत सापडते, गावठाणातले घर नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर येते ते घरपट्टीपुरते, आणि तेही अलीकडचे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन गावठाणावरून फिरतो आहे, घराघराला मिळकत पत्रिका मिळते आहे. वाटणी करायला, कर्ज काढायला तिचा मोठा उपयोग आहे आणि ती हवीच होती. पण ड्रोनला दिसते ते आजचे घर. शंभर वर्षांपूर्वी पडलेल्या वाड्याची जागा त्याला कशी दिसणार?

ती सापडते दुसऱ्यांच्या कागदात. शेजाऱ्याच्या भाऊवाटणीत, कुणाच्या गहाणखतात, आडाच्या पाण्यावरून झालेल्या तंट्यात, देवस्थानच्या इनामाच्या चौकशीत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या वतनदार-इनामदारांना आपापला हक्क कागदांनिशी शाबीत करावा लागला. त्या छाननीने अनेकांची इनामे गेली. मागे राहिल्या त्या कैफियती आणि यादी. एखाद्याच्या इनामाची हद्द सांगताना त्याच्या शेजाऱ्याचे नाव सहज येऊन जाते, आणि तो शेजारी आपला पूर्वज असू शकतो. आपल्या घराण्याच्या पेटीत जे नाही ते पलीकडच्या घराण्याच्या रुमालात बांधलेले असते. म्हणून मला वाटते, एका घराण्याने फक्त स्वतःचा इतिहास शोधायचे ठरवले तर तो त्याला पुरता मिळणारच नाही. वि. का. राजवाडे दारोदार हिंडून दप्तरे गोळा करत होते आणि १८९८ पासून त्यांचे खंड निघू लागले, तेव्हा त्यांनी लहानमोठ्या घराण्यांचे कागद एकत्र आणले. एका घरातला कागद दुसऱ्या घरातल्या कागदाशेजारी ठेवल्यावरच बोलू लागतो.

महजर वाचताना हे फार ठळकपणे जाणवते. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा लागला की गोत बसायचे, साक्षी व्हायच्या, आणि निवाड्याच्या कागदावर ज्यांना लिहिता येत नव्हते तेही हजर असायचे. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, बलुतेदारांची आपापल्या हत्याराची खूण. ज्यांचे नाव पुढे कुठल्या कुलवृत्तांतात छापले गेले नाही, त्यांनीच दुसऱ्याचे घर कुठे आहे हे सांगितलेले असते.

इथे मन अडते. गावच्या शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची धरत, कारण शीव राखणे आणि दाखवणे हे त्याचेच काम. पण वेशीबाहेरच्या त्याच्या स्वतःच्या झोपडीची चतुःसीमा कुणाला लिहावीशी वाटली? कागदात तो येतो तो वतनापुरता, म्हणजे राबण्यापुरता. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते काही उगीच नव्हे. आज त्या वस्तीतला कुणी आपले मूळ घर शोधू लागला, तर त्याला दप्तरापेक्षा म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्यावर अधिक विसंबावे लागते.

बायकांचे तसेच. वारसाहक्कासाठी लिहिलेल्या वंशावळीत लेकी बहुधा गाळलेल्या. पणजीचे माहेर कुठले, हे घरातही दोन पिढ्यांत विसरले जाते. ते राहिले जात्यावर. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. माहेरचा गाव, त्याची वाट, दारातला भाऊ असे जे ओवीत येते, तेही गावाच्या इतिहासाचे साधनच आहे. इतिहास लिहिणाऱ्याने ते सातबाऱ्याइतक्याच गंभीरपणे घ्यावे.

ज्या इंदापुरात शेते मोजण्याची ती पद्धत बसली, त्याच तालुक्यातली भीमाकाठची गावे उजनीच्या पाण्यात गेली. धरण १९८० मध्ये पुरे झाले. पळसदेवचे जुने गाव बुडाले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते आणि लोक बघायला, फोटो काढायला जातात. नव्या जागी घरे उभी राहिली, पण सगळ्यांना जुनाच शेजार मिळणे शक्य नव्हते. बुडिताच्या कागदांत नुकसानभरपाईचा हिशोब आहे. पूर्वेला कोण राहत होते आणि बोळ कुठे वळत होता, हे ज्यांना पाठ आहे ते त्या वेळी ऐन तिशीत होते, आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मोडी वाचणारा पुढच्या वर्षीही मिळेल आणि अभिलेखागारातले रुमाल बांधलेले राहतील. म्हणून बुडालेल्या गावात ज्यांचे घर होते, त्यांनी यंदा आधी या माणसांकडे जावे, आपल्या घराबरोबर चारी बाजूंची घरेही विचारून घ्यावीत, आणि सांगणाऱ्याच्या देखत कागदावर आखावीत.